रिकामा रॅपर

मास्तरीणबाईंनी चष्मा पुसला आणि ऑनलाइन मदतमंचावर प्रश्न टाकला, "रिकामा रॅपर कसा तयार करायचा?"

निवृत्तीनंतर बाईंनी जावास्क्रिप्ट ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला घेतली तेव्हा शेजारीण आधी हसली. मग तीच म्हणाली, मुलगा तीन वर्षं इकडे फिरकला नाही, बाईंनी वेळ तरी कसा काढायचा! मुलाने कॉम्प्युटरचं शिक्षण अर्धवट सोडलं, तेव्हा रागाच्या भरात बाई बोलून गेल्या होत्या, पुन्हा या घराची पायरी चढू नकोस. त्याने ते शब्दशः पाळलं. फोनही उचलत नव्हता.

बाईंनी बरेच मंच धुंडाळले आणि तयार कोडच्या या एका लायब्ररीच्या मंचावर मुक्काम ठोकला. नाव घेतलं 'नवशिकी'. त्यांच्या प्रश्नांना बहुधा 'सुतार' नावाचा एक जण उत्तर देई.

आजही त्याचंच उत्तर आलं. "डॉलरच्या चिन्हापुढे कंस उघडा आणि आत काही न लिहिता बंद करा. झाला रॅपर."

आत काहीच नाही तर उपयोग काय, असं बाईंनी विचारलं. त्याने समजावलं, पानावरचे भाग एकत्र धरणारी ती पिशवी आहे. रिकाम्या पिशवीलाही कुठलंही काम सांगा, ती कुरकुर करत नाही. पुढे सापडेल ते तिच्यात घालत जायचं.

"तुम्ही फार छान शिकवता," बाईंनी लिहिलं. "जेवण वेळेवर करता ना?"

असं वर्षभर चाललं होतं. मध्ये एकदा ताप आल्याचं त्याने लिहिलं, तेव्हा पाणी उकळून प्या, दुखणं अंगावर काढू नका, असं बाईंनी इतकं सविस्तर लिहिलं, की हा मंच कोडसाठी आहे याची कुणीतरी त्यांना आठवण करून दिली. तो बरा होईपर्यंत आठवडाभर बाईंना घास गोड लागला नव्हता.

चहा झाल्यावर त्यांनी आजचा कोड लिहिला. पहिल्या फटक्यात तो बरोबर चालला. बाईंनी तो नीट वाचला, एक कंस खोडला आणि पाठवून दिला. कुठे चुकलं, तेवढं सांगाल का?

अर्धा तास गेला. मंचावर काहीच आलं नाही. मग खासगी निरोपाची खूण दिसली. सुताराने आजवर कधी खासगीत लिहिलं नव्हतं. बाईंनी तो उघडला.

"हे तुला कधीचं येतंय, आई. रविवारी घरी असशील ना?"