शाखा कोणती लिहायची

"रेडिऑलॉजी मिळाली तर डोळे मिटून घ्यायची," धुळ्याचे सोनोग्राफीवाले डॉक्टर म्हणाले. "रात्री-अपरात्री धावपळ नाही. सुरुवातीलाच महिन्याला तीन लाख कुठे गेले नाहीत. स्वतःचं सेंटर काढलं तर विचारूच नका."

भाईदासने वहीत 'तीन लाख' लिहिलं. शिंदखेड्याच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळताना नोंदी करायची त्याची सवय होती. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

"आणि भूल देणारे?"

"त्यांचंही बरं चालतं. पण चार दवाखाने फिरावे लागतात. मुलीला मार्क किती?"

"एमबीबीएसला कॉलेजात तिसरी. पुढच्या प्रवेश परीक्षेतही चांगला नंबर आला."

"मग प्रश्नच नाही. तिलाच पाठवून द्या, मी समजावून सांगतो."

"तिला यायला जमणार नाही, सर."

"हां, इंटर्नशिपमध्ये श्वास घ्यायला फुरसत देत नाहीत," डॉक्टर हसले आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

भाईदास बाहेर आला. सकाळपासूनचा हा तिसरा दवाखाना. त्वचेच्या डॉक्टरांनी दोन-अडीच लाख सांगितले होते. हाडांच्या डॉक्टरांनी आकडा सांगितला नव्हता, फक्त खिडकीतून नवीन इमारत दाखवली होती. भाईदासने तेही लिहून ठेवलं. त्याला कशाचं काही वाटत नव्हतं. कुणी रस्ता सांगावा आणि आपण चालत राहावं, तसं चाललं होतं.

बसस्टँडजवळ त्याने शेवभाजी मागवली. अर्धी खाल्ल्यावर पाणी प्यायला. भाजी तिखट होती की नाही, हे त्याला सांगता आलं नसतं.

शेवटी लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला. बाहेर पोरं रडत होती, आया त्यांना खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होत्या. दीड तासाने आत बोलावलं.

"पैसा बघत असाल तर इकडे नको, भाऊ," बाई सरळ म्हणाल्या. "नोकरीत लाख-सव्वा लाख. दवाखाना टाकला तर दिवसाला सत्तर पोरं तपासायची. पण तिला काय आवडतं?"

भाईदासने वही मिटली.

"साक्रीकडच्या आरोग्य केंद्रात तिची ड्यूटी होती," तो म्हणाला. "मी डबा घेऊन गेलो होतो. सुई टोचायच्या आधी ती नळ्या पोराच्याच कानाला लावायची आणि स्वतःचं काळीज ऐकवायची. पोरगं ऐकत बसायचं. तेवढ्यात हिची सुई टोचून व्हायची."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "मग तुम्ही विचारताय कशाला? तिचं ठरलेलंच आहे. एमडी झाली की माझ्याकडे पाठवा. मला जोडीला कुणीतरी हवंच आहे."

त्याने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मार्कलिस्टसाठी तो जळगावला कॉलेजात गेला. क्लार्क खुर्चीतून उठून उभा राहिला, कागद दोन्ही हातांनी दिले आणि चहा घेऊनच जा म्हणाला. भाईदास थांबला नाही. परतीच्या बसमध्ये त्याला खिडकीजवळची जागा मिळाली होती. हायवेला रावेरकडून केळी भरून येणारे ट्रक लागले, तसा तो उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसला.

घरी द्रौपदाबाई मेथी निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, "इचारं का?"

"बठ्ठा डॉक्टरसले इचारी उनू. सोनोग्राफीवालासले सगळ्यात जास्त शे."

"दिनभर अंधारी खोलीमा बसनं? तिले नही जमस ते."

"हितेंद्रभाऊ म्हनस, ज्यामा पगार जास्त, तेच लिखा."

द्रौपदाबाईने हातातली काडी बाजूला ठेवली. "तिनी काय सांगेल शे, तुमले मालूम शे ना? मंग तेच लिखा. पगारनं लोके पाहतीन."

त्याने वही पिशवीत ठेवली. अर्ज द्यायची सहा महिन्यांची मुदत संपायला चार दिवस उरले होते.

वकील हितेंद्रभाऊंचं ऑफिस धुळ्यात पहिल्या मजल्यावर होतं. छतापर्यंत फायली रचलेल्या. त्यांनी भाईदासला बसायला सांगितलं, पाणी दिलं, वही चाळली.

"चांगलं काम केलंत," ते म्हणाले. "रेडिऑलॉजीच टाकू. तिचे मार्क बघता कुणी शंका घेणार नाही."

"लहान मुलांची टाका, भाऊ."

"बालरोग?" हितेंद्रभाऊंनी चष्मा काढला. "निम्म्याहून जास्त फरक पडतो. एकदा दाखल केलं की मागाहून बदललेलं बरं दिसत नाही. घरी बोललात?"

"तिच्या आईचंबी तेच म्हणणं आहे."

"पुन्हा विचार करा. तुमच्या म्हातारपणाचा प्रश्न आहे."

"ती लहान मुलांचीच डॉक्टर," भाईदास म्हणाला. "दुसरं काही मला सांगता यायचं नाही."

हितेंद्रभाऊंनी चष्मा परत लावला. मग टायपिस्टला त्यांनी नुकसानभरपाईच्या अर्जाचा मजकूर सांगितला. कागद छापून आला, तसा तो भाईदासपुढे सरकवला आणि सही जिथे करायची तिथे बोट ठेवलं. भाईदासने सवयीप्रमाणे आधी वाचून घेतलं. बोट ओळीवरून हळूहळू पुढे सरकत होतं.

"अर्जदारांची एकुलती एक मुलगी मयत संघमित्रा भाईदास बैसाणे, वय तेवीस वर्षे, ही सदर ट्रक अपघातात मरण पावली नसती, तर बालरोगतज्ज्ञ झाली असती."