व्हय म्हाराजा

एकसष्ट साली मालवणात रेडिओवाली टॅक्सी आपलीच हवी, हा सगुणचा हट्ट. आवाज घुमावा म्हणून मी मागच्या सीटमागे फणसाच्या फळ्यांची पेटी ठोकली आणि तिच्यात स्पीकर बसवला.

बॅटरीची वायर जोडण्याआधी त्याचे काका, तातू, नारळ घेऊन गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आमच्याकडे एकानं देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा! ह्या गाडयेक कसलीच बाधा येव देव नको!"

"व्हय म्हाराजा!" सगुण आणि मी म्हणालो.

पेटीतूनही तेच आलं. हलक्या आवाजात, पुष्कळ माणसांनी एकदम म्हटल्यासारखं.

सगुणनं माझ्याकडे पाहिलं. "वायर जोडलंस काय रे?"

वायर माझ्या हातात होती.

तातूंचा नारळ फोडायचा राहिला. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मग पेटीनं गाऱ्हाणं घातलं, हुबेहूब तातूंच्या आवाजात.

"बा देवा म्हाराजा! ह्या तिघांतलो एक आमका दी!"

लहानपणापासूनची सवय. विचार करायच्या आधीच तोंड उघडतं.

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघंही म्हणालो.

माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.