तीनशे बारावं पान

पुडीच्या कागदावर आपलंच अक्षर बघून चांगदेव फारसा चकित झाला नाही. शिरूरच्या कचेरीत तीस वर्षं त्यानं दस्तांच्या नकला केल्या होत्या. जुने कागद रद्दीत जातात, रद्दीच्या पुड्या होतात. दौंड स्टेशनावर शेंगा घेतल्या की एखादी नक्कल हाती यायचीच.

मग त्यानं पहिली ओळ वाचली आणि तो बाकावर बसला.

ती नक्कल नव्हती. त्याच्या कादंबरीचं एकशे चाळिसावं पान होतं.

कुर्डुवाडीच्या गाडीला अजून तास होता. बहिणीकडे, अनसाबाईकडे, तो चार दिवस राहायला निघाला होता. रिटायर झाल्यापासून त्याला घरात करमत नव्हतं आणि बाहेरही. सकाळी ताईबाईनं, म्हणजे बायकोनं, पिशवीत दोन डबे भरून दिले होते. एकात मेतकूट, दुसऱ्यात जवसाची चटणी, आणि दोन्हींवर तिच्या हातच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. अक्षरांच्या डोक्यावर रेघ नाही. लग्नानंतर चांगदेवनंच तिला लिहायला शिकवलं होतं, पण रेघेचं तिनं कधी मनावर घेतलं नाही. "वाचता येतंय न्हवं? मग झालं," म्हणायची. पुढं त्यानंही तो नाद सोडला.

नाद त्यानं कादंबरीचाही सोडला होता. लेखक व्हायचं हे त्यानं सातवीत असतानाच ठरवलं होतं. नोकरी लागल्यावर दिवसा दुसऱ्यांचं लिहायचं आणि घरी येऊन स्वतःचं, असं बावीस वर्षं चाललं. गोष्ट साधी होती. भीमेवरचा एक नावाडी आणि त्याची बायको म्हाळसा. ती एके दिवशी नवऱ्याला कंटाळून पैलतीरावर निघून जाते. पुढं ती परत येते की नाही, हे काही चांगदेवला ठरवता येईना. पुण्याच्या एका प्रकाशकानं वाचून सांगितलं होतं, "चांगलं आहे. शेवट लिहून आणा, छापू." त्याला नऊ वर्षं झाली. शेवट आला नाही. गेल्या उन्हाळ्यात चांगदेवनं गठ्ठा ताईबाईपुढं ठेवला आणि म्हणाला, "रद्दीत घाल. मी थकलो."

तिनं तो उचलून ठेवला. गठ्ठा महिनाभर फडताळात पडून होता. विचारलं की म्हणायची, रद्दीवाला आला न्हाई. एक दिवस गठ्ठा दिसेनासा झाला. तेव्हा चांगदेवनं शाईची बाटलीही फेकून दिली. तळाला थेंबही नव्हता, वाळून गेली असावी.

आता पुडी हातात धरून तो फलाटाच्या टोकाला गेला. शेंगा विकणारी जाईबाई पाटीमागं बसली होती.

"बाई, हे कागद कुठून आणले?"

"शिरूरच्या बाजारातनं. का वो आबा? शेंगा खवट निघाल्या?"

"नाही. बाकीची पानं आहेत का?"

"हायेत की. पन हात नका लावू, नंबरवार लावल्यात. संपतनं लावून दिल्यात."

संपत म्हणजे स्टेशनावरचा, गाड्यांसाठी रूळ बदलणारा सांधेवाला. पहिलीच पुडी त्याच्या हातात पडली होती, आणि वाचून झाल्याशिवाय या कागदांना हात लावायचा नाही, असं त्यानं बजावलं होतं. दुपारी गाड्या नसल्या की तो येऊन मोठ्यानं वाचायचा.

"हमाल बी बसायचे ऐकाया," जाईबाई म्हणाली. "पंधरा दिस चाललं. समदं वाचून झालं तवा कुठं पुड्या बांधाया घेतल्या."

चांगदेवला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं झालं. एक प्रकाशक सोडला तर बावीस वर्षांत त्याचं अक्षर कुणी वाचलं नव्हतं. घरात तर कधी कुणी विचारलंही नव्हतं.

"आवडलं का?" त्यानं विचारलं. आपण कोण, हे सांगायचं त्याला धाडस झालं नाही.

"आवडलं म्हंजी? म्हाळसा परत आली तवा रडले की मी."

"परत आली?"

"व्हय. पन नवऱ्यापायी न्हाई. नाव चालवाया आली. त्याच्या हातातलं वल्हं घेतलं आन् म्हनली, लई वर्सं वल्हवलंत, दमलात. आता निवांत बसा. पल्याड मी न्हेते."

चांगदेवला रागच आला. हे त्यानं लिहिलं नव्हतं. तीनशे अकराव्या पानावर म्हाळसा पैलतीरावर उभी होती आणि तिथंच उभी राहिली होती. संपतनं मनाचंच काहीतरी ठोकून दिलेलं दिसत होतं. आणि वाईट हे की ते अगदी बरोबर होतं. आपल्याला उभ्या जन्मात जे सुचलं नाही ते एका सांधेवाल्याला दुपारच्या फावल्या वेळात सुचलं होतं.

"बाई, तो शेवट कागदावर नाही," तो म्हणाला. "संपतनं तुम्हाला बनवलं."

"मला?" जाईबाई हसली. "मला वाचता येत न्हाई, पन कागद दिसतोय की. ते पान वाचताना लई अडखळला बिचारा. त्यात न्हाई शेंगा बांधल्या म्या. जपून ठिवलंय."

पाटीमागच्या पत्र्याच्या डब्यातून तिनं चार घड्या घातलेला कागद काढला आणि त्याच्या हातात दिला.

चांगदेवनं धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला आणि घड्या उलगडल्या. वर आकडा होता, तीनशे बारा. खाली पान शेवटपर्यंत गच्च भरलं होतं, आणि एकाही अक्षराच्या डोक्यावर रेघ नव्हती.