गजराची धून

माझ्या दोन तारांच्या हेगुमवरची एक धून फोनवाल्यांनी गजरासाठी घेतली आणि आमचं दोघांचं भलं झालं. त्यांचे फोन खपले, माझी तिकिटं खपली. पूर्वी चाळीस माणसं जमली तरी मी खूश असायचो; आता बुसानचं थिएटरही भरतं.

काल दुपारी बाळंतीण लेक सेब्योलचा बाळंतिणीला देतात ते समुद्री शेवाळाचं सूप पिऊन जरा डोळा लागला, तोच नात रडायला लागली. लेकीची झोप मोडायला नको म्हणून मी हेगुम घेतलं आणि अगदी हळू तीच धून वाजवली. नात चटकन शांत झाली. सेब्योल मात्र दचकून उठली आणि उशीखाली फोन चाचपडू लागली.

"अगं, मी वाजवतोय."

"बाबा, दुसरं काहीही वाजवा हो! हे ऐकलं की रोज सकाळचा गजरच वाटतो. ऑफिस, मेट्रोतली रेटारेटी, तो खडूस साहेब, सगळं आठवतं."

"बरं," म्हणत मी हेगुम खाली ठेवलं.

सेब्योल एवढीशी असताना कशानेच झोपायची नाही, म्हणून मी ही धून बांधली होती.