पलीकडचा काठ

डोंगरातल्या, ट्रेकर्सच्या मुक्कामाच्या हटपाशी पोचताच सुमेधाने बूट काढले आणि ती पायरीवर टेकली. तिचा नवरा गुरुदत्त आत चहाच्या मागे लागला. आज हटमध्ये त्या दोघांशिवाय कुणीच नव्हतं.

समोर तळं आरशासारखं निश्चल होतं. तासाभरापूर्वी पलीकडच्या काठावर दोघांनी सेल्फी काढला होता. तो काठ आता रिकामा होता. पाण्यातला मात्र रिकामा नव्हता.

पाण्यात दोन माणसं उलटी उभी होती. एक लाल जॅकेट, एक निळं. निळ्याच्या हातात सेल्फी स्टिकसुद्धा होती.

सुमेधाने स्वतःच्या लाल जॅकेटकडे पाहिलं. भीतीपेक्षा तिला नवलच जास्त वाटलं. ती अनवाणीच पाण्यापर्यंत गेली आणि डोळे बारीक करून पाहू लागली.

लाल जॅकेटच्या मागून, फोटोत मावावं म्हणून, आणखी कुणीतरी वाकलं होतं.

तेवढ्यात वरून, हटच्या आतून, गुरुदत्तचा वैतागलेला आवाज आला.

"सुमेधा, आपण दोघंच ना? मग तीन कप कशाला? आणि कानाशी कुजबुजतेस काय, मोठ्याने बोल की!"