कुत्र्यांचा मान

साथीपासून राखणाऱ्या संत रोक्कोच्या पायाशी चित्रात त्याचा कुत्रा असतो, म्हणून त्याच्या सणाला आमच्या चर्चमध्ये आत शिरायचा पहिला मान कुत्र्यांचा. यंदा प्लेग सरला, पण साथीत हुकूम काढून गावातली सगळी कुत्री मारली होती.

तरीही पाद्रीबाबांनी रीत म्हणून दार उघडलं.

"आत घेणार कुणाला, तुमच्या बोक्याला?" माझी बायको लोरेंझा त्यांना म्हणाली. सगळे खो खो हसले.

तेवढ्यात एक तांबूस कुत्रा शेपूट हलवत आत आला. टाळ्यांचा कडकडाट झाला! लोकांचे डोळे भरून आले. मी त्याची पाठ थोपटली, तर तळव्याला ओला तांबडा रंग लागला.

लोरेंझानं भिंतीकडे बोट दाखवलं.

चित्रात संत एकटाच उभा होता, दोन बोटं ओठांत घालून.

शीळ घुमली आणि बाहेर गावभर कुत्री भुंकू लागली.