जनांतिक

रंगमंचावरची पिठाची पोती काढून टाकली. त्यांच्या जागी हॉटेलच्या चादरींचे ढीग आले.

पियानोची एक पट्टी दाबली की दबलेलीच राहते. तालमीला साथ करणाऱ्या मावशी ती नखाने उचलतात आणि पुढे वाजवत राहतात.

कुणाचा सूर उतरला की दिग्दर्शकाची डावी भुवई वर जाते. मंडळी तिला काटा म्हणतात.

स्वयंपाकघरात बायको भांडी विसळत गाते आहे. नवरा समोर बसून पेन्सिलीला टोक काढतो आहे. ती वळून बघते, हसते, पुन्हा नळाकडे तोंड करते.

"मला ऐकू येत नाही," एवढंच तो दुपारी म्हणाला होता.

तो नवरा म्हणजेच तो दिग्दर्शक. एका जुन्या फ्रेंच विनोदी संगीतिकेचं रूपांतर त्याने हातात घेतलं होतं. मूळ गोष्टीत म्हातारा गिरणीवाला बहिरेपणाचं सोंग घेतो आणि तरुण बायको नोकराशी काय बोलते ते ऐकत बसतो. शेवटी बायको नोकराबरोबर पळून जाते. गिरणीवाला पिठाने पांढराफटक होऊन मागे उरतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. दिग्दर्शकाने गिरणीची लॉन्ड्री केली, जात्याच्या जागी कपडे धुण्याची यंत्रं आणली. लॉन्ड्रीवाल्याच्या बायकोचं काम त्याच्या बायकोकडे होतं. नोकराचं काम बुलबुलकडे. वरच्या पट्टीत बिनधोक फिरणाऱ्या त्या पोराला सगळे बुलबुलच म्हणत.

या दोघांना परदेशातल्या वर्षभराच्या दौऱ्याचं बोलावणं आलं होतं. दोघांचा करार दिग्दर्शकाच्या मंडळीशी. त्याने सोडलं तरच त्यांना जाता येणार. 'उद्या सांगतो' करत त्याने महिना काढला. पाठवावं तर मनात पाल चुकचुकायची, न पाठवावं तर कारण काय सांगायचं?

मग तापाने अंथरूण धरलं, आणि उठला तो गिरणीवाल्याच्या वाटेने, बहिरा होऊन.

मंडळी हळहळली. त्याच्याशी पाटीवर लिहून बोलू लागली. तो वादकांच्या हाताकडे आणि गायकांच्या ओठांकडे बघून तालीम घेई. कपाळावर पंजा ठेवून बसे. काट्याने घात करायला नको.

एकदा चहाच्या सुट्टीत तो संहितेत डोकं घालून बसला होता. बायको आणि बुलबुल बाजूच्या पायरीवर टेकले.

"वहिनी, दौऱ्याचं काय ठरलं?"

"ठरतंय कसलं? ह्यांना असं टाकून जाऊ?"

"पण अशी संधी पुन्हा..."

"चुलीत गेली संधी. तुम्ही दुसरी कुणी बघा. मला ह्यांच्याशिवाय करमत नाही हो. भांडायलासुद्धा दुसरं माणूस चालत नाही."

"सर नशीबवान आहेत."

"त्यांना सांगू नका. डोक्यावर चढून बसतील."

त्याच्या डोळ्यांपुढची अक्षरं पाण्यात गेली. अंगात मास्तर मुरलेला, त्यामुळे एवढ्यातही त्याचं लक्ष तिच्या बोलण्याकडे गेलंच. आवाज खाली, पण शब्दन् शब्द सुटा. हनुवटी जराशी बाहेरच्या बाजूला. हे जनांतिक त्यानेच तिला शिकवलं होतं, लग्नाआधी: बोलायचं शेजारच्याशी, ऐकवायचं शेवटच्या रांगेला. पोरीच्या हाडात भिनलंय, त्याला वाटलं. खाजगीतसुद्धा सुटत नाही.

त्याच दिवशी त्याने तिसरा अंक फिरवला. आता लॉन्ड्रीवाल्याच्या कानावर बायकोची माया पडणार होती, आणि तो चादरींच्या ढिगात बसून ढसाढसा रडणार होता.

मावशींनी पाटी पुढे केली. 'शेवट का बदलला?'

"माझा लॉन्ड्रीवाला शहाणा आहे, मावशी."

"बैलोबा आहे," मावशी पियानोकडे बघून म्हणाल्या, मोठ्यांदा. त्याने हसू कसंबसं दाबलं.

प्रयोग झाला. टाळ्या पडल्या, शेवटी हसलं मात्र कुणी नाही. त्याला त्याची फिकीर नव्हती. घरी येऊन कोट काढायच्या आधीच तो बायकोला म्हणाला, "दौऱ्याला जा तू. मी बहिरा आहे, पांगळा नाही."

तिने मान हलवली. रडली. 'नाही' असं पाटीवर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. त्याने तिच्या हातून खडू काढून घेतला, तेव्हा कुठे कबूल झाली.

निरोपाला बुलबुलने दोघांच्या बॅगा उचलल्या. तिने पाटीवर लिहिलं, 'वेळेवर जेवत जा.' गाडी वळली तरी तो हात हलवत होता. परत आली की सोंगाचं सांगायचं, त्याने ठरवलं. दोघं मिळून हसू. पुढच्या आठवड्यात त्याने कान बरे झाल्याचं जाहीर केलं. मंडळींनी पेढे मागितले आणि त्याने ते दिलेही.

वर्ष सरलं. दौरा संपला. बाकीचे गायक आपापल्या घरी पोचले. मावशींना त्यांच्यातल्या एकीचा फोन आला.

"त्या दोघांनी तिकडेच घर केलंय," मावशी त्याला म्हणाल्या. "तिचे इथले कपडे कुणाला तरी देऊन टाका, असा निरोप आहे."

त्याने बंद पियानोच्या झाकणावरून बोट फिरवलं.

"परका मुलुख," तो म्हणाला. "एकटं पडलं की माणूस घसरतं. इथे तसं काही नव्हतं, मावशी. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

मावशींनी झाकण उघडलं. अडकलेली पट्टी नखाने उचलली.

कान गेल्याचं त्याने सांगितलं त्याच संध्याकाळी, भांडी विसळताना, बायकोने गाण्याची तिसरी ओळ मुद्दाम सूर उतरवून म्हटली होती आणि वळून पाहिलं होतं; त्याची डावी भुवई वर गेलेली होती.